हक्क कोणाचा आणि कोणाविरुद्ध : खासगी कायद्याच्या एका रविवार वर्गाचे परीक्षण

पुण्यातील एका अभ्यासकेंद्रात सामान्य नागरिकांसाठी खासगी कायद्याच्या मूलतत्त्वांचा वर्ग रविवारी सकाळी भरतो. फौजदारी कायदा, राज्यघटना किंवा करआकारणी यांपैकी काहीही येथे शिकवले जात नाही. माणसामाणसांतील देण्याघेण्याच्या, मालकीच्या आणि वारशाच्या कायद्यातील दोनच गोष्टींवर सगळा भर असतो : कायद्याच्या लेखी ‘व्यक्ती’ कोण ठरते, आणि अशा व्यक्तीला एखादा ‘हक्क’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा तिच्या हाती नेमके काय असते. शुल्क साडेतीन हजार रुपये असून त्यात टिपणांची पुस्तिका मिळते. शिकवणाऱ्यांत दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले एक न्यायाधीश आहेत आणि मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या एक वकील मॅडम आहेत. माझ्या तुकडीत गृहनिर्माण संस्थांचे सचिव, लहान व्यापारी, गावच्या देवस्थानाचे विश्वस्त आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपात अडकलेली बरीच मंडळी होती. मी स्वतः आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर आहे आणि त्याच गरजेपोटी हा वर्ग केला. वर्ग चांगला आहे, काही ठिकाणी फारच चांगला आहे, आणि त्याच्या उणिवाही सहज दूर करता येण्याजोग्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शिकवण्याची पद्धत हे या वर्गाचे मोठे बळ आहे. पहिल्याच तासाला कलमे वाचायला न घेता निवृत्त न्यायाधीश सरांनी नावे झाकलेल्या कागदांच्या प्रती प्रत्येकाच्या हाती दिल्या : एक सातबारा, एक साठेखत, गृहनिर्माण संस्थेचे शेअर सर्टिफिकेट, लीव्ह अँड लायसन्सचा करार आणि एका सार्वजनिक न्यासाच्या नोंदणीचा उतारा. प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारायचे, असा नियम त्यांनी घालून दिला. या कागदात कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती किती आणि कोण, हा पहिला प्रश्न. आणि कागदातून जो हक्क निघतो तो कोणाविरुद्ध चालतो, हा दुसरा. पुढचा सगळा अभ्यासक्रम याच दोन प्रश्नांवर उभा आहे. आपल्याकडे कायदा म्हटला की लोक कलमांचे क्रमांक पाठ करतात किंवा ओळखीच्या वकिलाकडे धाव घेतात. हातातल्या कागदाला योग्य प्रश्न विचारण्याची सवय कोणी लावत नाही, आणि ती सवय लागली तर वकिलाचा सल्लाही अधिक नीट समजतो, असा माझा अनुभव आहे.

सातबाऱ्यावरचा तास मला सर्वांत मोलाचा वाटला. भोगवटादाराच्या रकान्यात एका मुलाचे नाव होते आणि त्यापुढे ‘अ.पा.क.’ ही अक्षरे लिहून आईचे नाव दिले होते. वर्गातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मालक म्हणून आईचे नाव सांगितले. मालक मुलगाच आहे, आई अज्ञान पालनकर्ती (अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाच्या वतीने मिळकत सांभाळणारी) आहे, आणि या दोन वाक्यांत खासगी कायद्याचा अर्धा पाया येतो, असे सरांनी सांगितले व तिथूनच व्यक्तित्व आणि क्षमता यांतला फरक उलगडला. हक्क धारण करण्याची पात्रता मुलाला जन्मापासून असते. किंबहुना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये, वडिलांच्या मृत्यूच्या वेळी गर्भात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले तर ते मृत्यूपूर्वीच जन्मले होते असे धरून त्याला वारसा मिळतो. मात्र तो हक्क स्वतः व्यवहार करून विकण्याची, गहाण ठेवण्याची किंवा सोडून देण्याची क्षमता अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत येत नाही. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष याने अज्ञान असताना आपली घरे सावकाराकडे गहाण ठेवली होती. त्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिशकालीन अंतिम अपील न्यायालयाने, १९०३ साली असा करार मुळातच शून्य असल्याचे ठरवले, आणि आजही भारतीय करार कायद्याचा तोच नियम आहे.

याच तासाला वकील मॅडमनी एक व्यावहारिक सूचना केली आणि ती वर्गातील अनेकांनी वहीत उतरवून घेतली. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकाला, म्हणजे आईवडिलांनाही, अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तशी विक्री झालीच, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती रद्द करून घेऊ शकते. त्यामुळे जमीन घेताना जुन्या फेरफारांत ‘अ.पा.क.’ आढळल्यास परवानगीचा आदेश मागून घ्यावा. ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी नोंद असल्यास एकट्याच्या नावामागे अख्खे कुटुंब उभे आहे हे ओळखावे, कारण एकत्र कुटुंबाचा कर्ता व्यवहार करतो तो सर्व सहदायादांच्या (एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सा असणाऱ्यांच्या) वतीने. त्या सहदायादांत मुलीही येतात. महाराष्ट्राने १९९४ मध्येच राज्यदुरुस्ती करून तोवर अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद केले होते. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क विवाहित मुलींनाही दिला, आणि वडील २००५ मध्ये हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून तिचा हक्कही नाही, असे आपल्याकडे अजूनही सर्रास मानले जाते, ही मला गंभीर गोष्ट वाटते. वर्गात या मुद्द्यावर दोघा भावांचा आवाज चढला तेव्हा मॅडमनी तो शांतपणे, पण जराही मागे न हटता हाताळला.

माणूस मरण पावला की त्याचे कायदेशीर व्यक्तित्व संपते, आणि ज्या क्षणी ते संपते त्याच क्षणी त्याची मिळकत वारसांकडे किंवा मृत्युपत्रानुसार ज्यांना दिली त्यांच्याकडे जाते. वारस नोंद पुढे कधी होवो, हक्क मृत्यूच्या दिवशीच पोहोचलेला असतो. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली, तिचा संदर्भ येथे समर्पकपणे आला. सगळेच हक्क मात्र वारसांकडे जात नाहीत. येणे असलेली रक्कम वारसांना वसूल करता येते, पण बदनामीबद्दलचा भरपाईचा दावा त्या माणसाबरोबरच संपतो. बेपत्ता माणसाविषयी सात वर्षे काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते, हा नियमही सांगितला गेला. तो सांगताना पुस्तिकेत जुन्या पुरावा कायद्याची कलमे छापलेली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला असल्याने ही पाने बदलायलाच हवीत.

व्यापाऱ्यांसाठीचे सत्र दुकानाच्या पाटीपासून सुरू झाले. फळ्यावर एका काल्पनिक दुकानाचे नाव लिहून, उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकावर दावा कोण लावणार, असा प्रश्न सरांनी टाकला. दुकान एकमालकी असेल तर पाटीवरचे नाव कायद्याने कोणीच नाही. त्या नावावर दुसरा माणूस दावा लावू शकतो, पण मालकाला दावा स्वतःच्याच नावाने आणावा लागतो. भागीदारी संस्था १९३२ च्या कायद्यानुसार भागीदारांचे एकत्रित नाव एवढीच असते. दिवाणी प्रक्रिया संहिता तिला संस्थेच्या नावाने दावा लावू देते, मात्र देणी थकली तर भागीदारांच्या घरादारापर्यंत वसुली पोहोचते. शिवाय संस्था नोंदलेली नसेल, तर करारातील हक्कासाठी तिला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. त्या माणसाला मात्र तिच्यावर लावता येतो. हे ऐकल्यावर बाजारपेठेत तीस वर्षे व्यवसाय केलेले एक सद्गृहस्थ मधल्या सुट्टीत लगेच फोनवर आपल्या हिशेबनीसाशी बोलू लागले. एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) आणि कंपनी यांची गोष्ट वेगळी, कारण तेथे नोंदणीबरोबर एक नवी व्यक्ती अस्तित्वात येते, जिची मालमत्ता तिची, कर्ज तिचे आणि आयुष्य भागधारकांच्या आयुष्यापलीकडचे.

कंपनीच्या वेगळ्या व्यक्तित्वासाठी सर्वजण सॉलोमनचा खटला सांगतात, तसा तो येथेही सांगितला गेला. लंडनच्या बुटांच्या या कारखानदाराने १८९२ मध्ये आपला धंदा कंपनीला विकला. सात भागधारकांत तो, पत्नी आणि पाच मुले. सगळे भाग (शेअर) जवळजवळ त्याचेच. तरीही कंपनी बुडाल्यावर तिची देणी त्याच्यावर ढकलता येणार नाहीत, असे हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवले. बहुतेक ठिकाणी शिकवणे येथेच थांबते आणि ऐकणाऱ्याला वाटते की वेगळे व्यक्तित्व म्हणजे धंदेवाल्याला मिळालेली ढाल. या वर्गाने पुढचे दोन खटले घेतले, ही त्याची खरी गुणवत्ता. मॅकॉरा नावाच्या जमीनदाराने आपले लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकले, पण आगीचा विमा स्वतःच्या नावावर ठेवला. लाकूड जळाले आणि १९२५ मध्ये त्याला विम्याची दमडीही मिळाली नाही, कारण जळालेले लाकूड कंपनीचे होते, त्याचे नव्हते. दुसरा खटला मुंबईचा. बाचा गझदर या भागधारक बाईंचे म्हणणे असे होते की चहाच्या कंपन्यांचे बरेचसे उत्पन्न शेतीचे असल्याने त्यांना मिळणारा लाभांशही तितक्या प्रमाणात शेती उत्पन्न मानावा. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. भागधारकाला कंपनीच्या मळ्यात कसलाही हिस्सा नसतो, त्याचा हक्क नफा वाटला गेला तर लाभांश मिळण्याचा आणि कंपनी गुंडाळली गेली तर उरलेल्यातील वाट्याचा. वेगळे व्यक्तित्व घेतले की ते लाभाच्या वेळी घ्यायचे आणि अडचणीच्या वेळी नाकारायचे, असे करता येत नाही, हे या तीन निकालांतून जितके स्वच्छ समजते तितके कुठल्याही व्याख्येतून समजणार नाही. फसवणुकीसाठी कंपनीचा आडोसा घेतल्यास न्यायालय तो दूर सारते, हा भाग ओघाने आला आणि तेवढाच पुरेसा होता.

आमच्यासारख्या समिती सदस्यांना गृहनिर्माण संस्थेचे सत्र महत्त्वाचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ ने नोंदलेली संस्था निगम निकाय ठरते, म्हणजे ती स्वतःच्या नावाने मिळकत धारण करते, करार करते, दावा लावते आणि तिच्यावरही दावा लावता येतो. अध्यक्ष किंवा सचिव म्हणजे संस्था नव्हे. बैठकीच्या ठरावाविना सचिवाने दिलेली लेखी हमी संस्थेला बांधील कशी ठरेल, यावर दीर्घ चर्चा झाली. सदस्याचा हक्क कोणता, हा प्रश्न त्याहून अवघड. सहकारी संस्थेत इमारत संस्थेची असते आणि सदस्याकडे भाग असतात व आपल्या सदनिकेत राहण्याचा हक्क असतो. पण हा हक्कही मालमत्ताच आहे, तो विकता येतो, इतकेच काय तो जप्तही होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात म्हटले आहे. जमीन आणि इमारत यांचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी संस्थेच्या नावे करून देणे) जोवर होत नाही तोवर संस्था ही व्यक्ती अस्तित्वात असूनही तिच्या नावावर जमीन नसते, आणि पुनर्विकासाचा विषय निघाला की याच ठिकाणी गाडे अडते. विकासक टाळाटाळ करत असेल तर १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्रातील सदनिका मालकीच्या, कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज कसा करायचा, हे मॅडमनी कागदपत्रांसह दाखवले. कायद्यातील व्यक्तित्वासारखी अमूर्त वाटणारी कल्पना थेट आपल्या इमारतीखालच्या जमिनीशी कशी येऊन भिडते, ते येथे कळले.

न्यास आणि देवस्थाने यांच्यावरचा तास गर्दीचा होता. न्यास ही सामान्यतः स्वतंत्र व्यक्ती नसते, मिळकत विश्वस्तांकडे असते आणि ती त्यांनी दुसऱ्यांच्या हितासाठी सांभाळायची असते. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे विश्वस्तांनाही नीट ठाऊक नसते असे दिसले. हिंदू देवतेची मूर्ती मात्र कायद्याने व्यक्ती आहे. १९२५ साली प्रमथनाथ मलिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे एका कुटुंबाच्या घरच्या देवाचा प्रश्न होता. पाळीच्या सेवेकऱ्याने मूर्ती आपल्या घरी न्यावी की नाही, या वादात देवतेच्या हिताची बाजू मांडायला वेगळा, निःस्वार्थी प्रतिनिधी हवा, असे तेव्हा सांगितले गेले. अयोध्या प्रकरणाच्या ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात हा भेद आणखी बारकाईने आला : रामलल्ला विराजमान ही विधिक व्यक्ती मानली गेली, परंतु जन्मस्थानाची जमीन स्वतंत्र व्यक्ती आहे हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. गुरू ग्रंथ साहिब विधिक व्यक्ती असल्याचे २००० साली ठरले. देवस्थानच्या जमिनीच्या महसुली नोंदीत मालक म्हणून देवतेचेच नाव असावे, पुजारी हा केवळ व्यवस्थापन सांभाळणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील प्रकरणात सांगितले. आपल्याकडे गावोगावी देवस्थान इनाम जमिनींवरून वाद चालू आहेत, आणि वहिवाटदार स्वतःला मालक समजू लागतो तिथेच त्यांची सुरुवात होते. सरांनी श्रद्धेचा विषय अतिशय आदराने आणि तरीही कायद्याच्या चौकटीत ठेवून शिकवला, याबद्दल त्यांचे कौतुक करावे तितके थोडे.

अभ्यासक्रमाचा दुसरा भाग हक्कांचा, आणि तो विषयाच्या मानाने घाईत उरकला जातो, ही माझी मुख्य तक्रार आहे. त्यातही जे शिकवले ते दर्जेदार आहे. मालकीचा हक्क साऱ्या जगाविरुद्ध चालतो, कराराचा हक्क करार करणाऱ्याविरुद्ध चालतो, हे सूत्र साठेखत आणि खरेदीखत शेजारी शेजारी ठेवून समजावले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ सांगते की विक्रीच्या नुसत्या करारातून मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही. साठेखत हाती असलेल्या ‘लिहून घेणार’ माणसाला ‘लिहून देणार’ याच्याकडून खरेदीखत करून मागण्याचा हक्क असतो, तो मालक मात्र झालेला नसतो. तथापि साठेखत नोंदलेले असेल तर पुढे तीच मिळकत घेणाऱ्या तिऱ्हाइतालाही त्याची माहिती होती असे धरले जाते, आणि मग दोघांमधल्या कराराची झळ तिसऱ्यापर्यंत पोहोचू शकते. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तिहेरी कागदपत्रे करून ‘विक्री’ उरकण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात मान्यता नाकारली, तरी असे व्यवहार आजही होताना दिसतात.

लीव्ह अँड लायसन्सच्या कराराचे वाचन हा या भागातील सर्वांत जिवंत प्रसंग. अकरा महिन्यांचा हा करार पुण्या-मुंबईत प्रत्येकाने कधी ना कधी केलेला असतो आणि बोलताना सगळे त्याला भाडेकरारच म्हणतात. मॅडमनी करारातले एक वाक्य फळ्यावर लिहिले : या करारामुळे लायसन्सदारास मिळकतीत कोणताही हक्क वा हितसंबंध प्राप्त होत नाही. मग राहणाऱ्याला मिळते तरी काय? येथे त्यांनी वेस्ली होफेल्ड या अमेरिकी विधिज्ञाने १९१३ मध्ये केलेले विभाजन आणले. आपण ज्याला सरसकट हक्क म्हणतो त्यात चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दुसऱ्यावर कर्तव्य लादणारा दावा, स्वतःला काही करण्याची मोकळीक, दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलण्याचा अधिकार, आणि दुसऱ्याच्या अशा अधिकारापासून संरक्षण. परवानाधारकाला (लायसन्सदाराला) जागेबाबत मोकळीक असते, त्याच्या राहण्याला अतिक्रमण म्हणता येत नाही. पट्टेदाराकडे (भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याकडे) मात्र मिळकतीतला हितसंबंध आलेला असतो. शीर्षक काहीही असो, न्यायालय कराराचा आशय पाहून पट्टा की परवाना ते ठरवते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, तो नोंदून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मुदत संपूनही राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. होफेल्डची मांडणी विद्यापीठातही कोरडी वाटते, असे वर्गातील एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सांगितले. येथे ती घरमालक आणि भाडेकरू यांच्या रोजच्या भांडणावर लावून दाखवल्यामुळे सर्वांना उमगली.

नामनिर्देशनाचा विषय मात्र शेवटच्या वीस मिनिटांत कोंबला गेला, आणि याचे मला वाईट वाटते, कारण घराघरांत गैरसमज सर्वाधिक याच बाबतीत आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याच्या रकमेविषयी हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितले, पुढे २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असल्यास विम्यापुरता अपवाद आला. शेअरबाबत नॉमिनी वारसांना डावलू शकत नाही, हे २०२३ च्या अखेरीस शक्ती येझदानी प्रकरणात निश्चित झाले. गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला आता तात्पुरते सदस्यत्व मिळते, ते कायदेशीर वारस ठरेपर्यंत. आमच्या समितीपुढे हा प्रश्न दर वर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात येतो, म्हणून या एका विषयाला पूर्ण सत्र द्यावे, अशी लेखी सूचना मी केंद्राला दिली आहे.

त्याउलट नद्यांच्या व्यक्तित्वावर एक संपूर्ण सत्र खर्ची पडले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला व जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यूझीलंडने त्याच वर्षी कायदा करून व्हांगानुई नदीला व्यक्तित्व दिले आणि तिच्या वतीने बोलणारे प्रतिनिधीही कायद्यातच नेमून ठेवले. विषय मोलाचा आहे, आणि पुरात वाहून गेलेल्या घराची भरपाई नदीकडून मागायची का, हा उत्तराखंड सरकारने मांडलेला प्रश्न विचार करायला लावणाराही आहे. पण मूलतत्त्वांच्या वर्गात त्याला अर्धा तास पुरे होता.

दोन गोष्टी अजिबात आल्या नाहीत आणि त्या यायलाच हव्या होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १३ दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीची कायदेशीर क्षमता देते. करार कायद्यातील ‘सुदृढ मन’ ही जुनी अट आणि हे नवे तत्त्व यांचा मेळ कसा घालायचा, हा मतिमंद किंवा मनोरुग्ण मुलांच्या पालकांना रोज भेडसावणारा प्रश्न आहे. वर्गात असे एक पालक होते आणि त्यांच्या प्रश्नाला ‘नंतर बोलू’ एवढेच उत्तर मिळाले, ते मला खटकले. दुसरी उणीव गोव्याची. सावंतवाडीहून येणाऱ्या एका सहाध्यायीची सासरची मिळकत गोव्यात आहे. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते, पती-पत्नीची मिळकत साधारणपणे सामाईक मानली जाते आणि स्थावर विकताना दोघांची संमती लागते. कोमुनिदाद ही गावकऱ्यांची जुनी संस्थाही तेथे स्वतंत्रपणे जमीन धारण करते. शेजारच्याच राज्यात व्यक्ती, विवाह आणि मिळकत यांचे नाते इतके निराळे असताना, मराठीतून शिकवणाऱ्या वर्गाने त्याची निदान तोंडओळख करून द्यायला हवी.

सोयींबद्दल थोडेसे. खोली हवेशीर आहे, पण मागच्या बाकांवर आवाज पोहोचत नाही, त्यामुळे वेळेआधी जाऊन पुढे बसावे. पुस्तिकेची भाषा सरळ आणि नेमकी आहे, जुन्या कलमांचा दोष सोडला तर ती जपून ठेवावी अशी आहे. ज्यांचा प्रत्यक्ष दावा चालू आहे त्यांनी येथे आपल्या प्रकरणाचा निकाल मिळेल या अपेक्षेने येऊ नये, शिक्षक तसा सल्ला देत नाहीत आणि ते योग्यच करतात. संस्थांचे पदाधिकारी, विश्वस्त, भागीदारीत धंदा करणारे आणि वारसा हक्काच्या उंबरठ्यावर असलेल्या कुटुंबांतील निदान एकाने हा वर्ग जरूर करावा. येताना घरातल्या एका दस्ताची छायाप्रत आणावी आणि तीवरची नावे, गट क्रमांक आणि पत्ता आधीच झाकावा, म्हणजे ती वर्गात सर्वांसमोर वाचायला देता येते.